काखेतलं पाणी

हे खरं घडलंय. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यातली, सोलापुरातली भर दुपार. केसरबाई म्हणजे माझी जाऊ. बौद्धाचं घर. भुताखेताचं नाव काढलं तरी खेकसायची.

दवाखान्यात पीपीई किट मिळंनात. म्हणून तिच्या पोरानं, दिपकनं जुन्या इस्त्रीला सायकलीचा पायडल जोडून मशीन केलं. पाय दाबला की 'खट्ट', अन् प्लास्टिकच्या गाऊनची शिवण चिकटायची. गल्लीतल्या बाया फुकट राबायच्या.

शेजारची शिवम्मा दवाखान्यात आया. ड्युटी संपली की इथं. शिवण गळते का बघायला प्रत्येक गाऊनच्या काखेत तांब्याभर पाणी ओतायची, दोरीला टांगायची. गळला की परत मशीनवर.

मग शिवम्माच गेली. त्याच आजारानं.

नळाला पाणी येईना. केसरबाईनं तपासणी बंद केली. "प्यायला न्हाय, अन् काखेत कुटनं ओतू?"

त्या दुपारी ती एकटीच गठ्ठा बांधत होती. हात गळून गेलेले. सून प्रतिक्षा नर्स. वरचा गाऊन तीच घालणार होती.

थप...

केसरबाईनं मान वळवली. वरचा गाऊन दोरीवर.

"प्रतिक्षा! खेळ मांडलास व्हय गं?"

"मी भाकरी थापतीय, आत्या!" आवाज चुलीपासून आला.

तिनं गाऊन ओढला, गठ्ठ्यात कोंबला, करकचून गाठ मारली.

खट्ट...

मशीनचा पायडल. मशीनपाशी तर कुणीच नव्हतं, वायरही काढलेली.

थप... थप...

गाठ तशीच. गाऊन पुन्हा दोरीवर. काख फुगलेली, फरशी ओली.

घरात पाण्याची एकच कळशी. ती काठोकाठ भरलेली, झाकलेली.

"कोण हाय? समोर ये की!"

कुणीच नाही.

तिनं काखेत बोट घातलं. आरपार गेलं. शिवण चिकटलीच नव्हती.

पाणी कोमट होतं... अंगावरच्या घामासारखं.

केसरबाईनं गठ्ठा सोडला. प्यायच्या कळशीतलं पाणी एकेका गाऊनमध्ये ओतलं. त्या रात्री घरातले सगळे तहानलेले झोपले.

प्रतिक्षा धडधाकट आहे.

पण शेवटच्या ड्युटीला शिवम्मा ह्याच घरचा गाऊन घालून गेली होती. दुसऱ्यांचे तपासले, स्वतःचा घाईत तसाच उचलला.

तो शिवताना मशीनवर कोण बसलं होतं, हे मी जाऊबाईला कधी विचारलं नाही.

तीही सांगत नाही. फक्त ओलं कापड दोरीवर टाकलं की उठून बाहेर जाते...