सातशे तीनच्या पुढे

बोगद्याच्या तोंडाशी आमची खोली आहे. एक टेबल, एक यंत्र, एक हीटर, दोन खुर्च्या. डोंगर घसरणारा, म्हणून बोगद्याच्या भिंतीला काचेची तार चिकटवलेली आहे, केसाएवढी बारीक. भिंत सरकली की तार ताणली जाते आणि कितव्या मीटरला ताणली ते यंत्र सांगतं. पण ऊब लागली तरी ती तसाच आकडा दाखवते. म्हणून शेजारी नळीत दुसरी तार सैल सोडलेली असते. तिला फक्त ऊब कळते. पहिलीतून दुसरी वजा केली की उरतो तो डोंगराचा खरा ताण.

तारेचे मीटर आणि भिंतीवरच्या खुणा जुळतात का, हे दर सहा महिन्यांनी तपासावं लागतं. ते काम माझी बायको करायची. दर दहा मीटरच्या खुणेवर तारांवर उजवा तळवा मिनिटभर टेकवायची आणि मी खोलीतून मीटर सांगायचो. बाकीचे लोक गरम पाण्याची पिशवी वापरतात. ती म्हणायची, "पिशवी कोण वाहत बसणार? हात आहेच की बरोबर."

ती जाऊन चौदा महिने झाले. दवाखान्यात गेली, अकरा दिवसांच्या तापानं. डोंगराचा त्यात काही संबंध नाही.

एका सकाळी नऊ चाळीसला सहाशे दहाव्या मीटरला ऊब दिसली. तळव्याएवढी, मिनिटभर. दोन्ही तारांवर. आत कुणी नव्हतं. मी जोडणी पुसली, यंत्र बंद करून चालू केलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ऊब सहाशेला. मग पाचशे नव्वद. रोज एक खूण, तोंडाच्या दिशेनं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रजेवर पाठवलं असतं.

ऊब नव्वदाव्या मीटरला आली तेव्हा सातशेच्या पुढची भिंत ताण घ्यायला लागली. तिथे सैल तार गप्प होती. म्हणजे डोंगरच. आकडा मर्यादेबाहेर गेला की नियम साफ आहे: सगळे बाहेर, बोगद्याचं तोंड बुजवायचं, यंत्र काढून न्यायचं.

मला आणखी नऊ दिवस हवे होते. मी नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं, "तापमानामुळे."

माझा मेहुणा, तिचा धाकटा भाऊ, त्या आठवड्यात तीन माणसं घेऊन आत काँक्रीटची दुरुस्ती करत होता.

"भाऊजी, सातशेला भिंत कुरकुरतेय. तुमची तार काय म्हणते?"

"थंडी आहे. आकसते."

"हिला माझ्यापेक्षा जास्त थंडी वाजते की!" तो हसला. मग दारातच थांबला. "खरं सांगा. ताई असती तर सोडलं असतं का मला आत?"

मी हीटर त्याच्या पायांकडे वळवला. "जा. काही होत नाही."

ऊब विसाव्या मीटरला दिसली, त्याच सकाळी अर्ध्या तासानं डोंगर खाली आला. तीन माणसं धुळीतून धावत बाहेर पडली. तो मागून त्यांना ढकलत होता, असं त्यांनी सांगितलं.

तार सातशे तीनला तुटली.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला मी दहाव्या मीटरकडे बघत बसलो. काही आलं नाही. ऊब सातशेला होती. साठ दिवसांची वाट ती एका दिवसात मागे गेली होती. मिनिट झालं. पाच झाली. तळवा उचलला जात नव्हता.

चौथ्या दिवशी बचाव पथकानं खोदणं थांबवलं. मेहुण्याची बायको खोलीत आली आणि दुसऱ्या खुर्चीवर बसली.

"तार त्यांच्या जवळपर्यंत जाते ना?"

"जाते."

"मग काय दिसतं?"

"काही नाही, वहिनी."

ती बराच वेळ यंत्राकडे बघत राहिली. तिला आकडे वाचता येत नाहीत हे माझ्या पथ्यावर पडलं.

उद्या तोंड बुजवणार आहेत. आज सकाळी मी शेवटचा बसलो.

सातशेची जागा थंड होती.

ऊब सातशे दहाला होती. तिथे तारच नाही.

दोन तळवे, शेजारी शेजारी. मिनिटभर.

मग सातशे वीसला.