टाकी होती, पण कशाची?

पेट्रोल नावाची चीज उंबरफाट्याच्या पोरांनी कधी पाहिलीच नव्हती. बस, रिक्षा, ट्रॅक्टर, सगळं विजेवर चालायचं. तालुक्यातला शेवटचा पेट्रोल पंप बंद पडला तेव्हा वल्लरीचा जन्मही झाला नव्हता. मग शाळेच्या नव्याकोऱ्या बोअरच्या पाण्यात पेट्रोल आलं तरी कुठून?

त्याचं असं झालं. शाळेला बागेसाठी बोअर मारायची होती. जागा कुठली, यावर वर्गात नुसता गोंधळ. तेव्हा सहावीतल्या वल्लरीने ऐटीत हात वर केला. "टाकीच्या मैदानात! नावच सांगतंय ना? तिथे पूर्वी पाण्याची टाकी होती. म्हणजे खाली पाणी असणारच!"

आता टाकीत पाणी बाहेरून आणून भरतात, टाकी काही जमिनीतलं पाणी शोधत बसत नाही. पण हे ना वर्गाला सुचलं, ना मुख्याध्यापिका पाटकरबाईंना. गंमत म्हणजे पाणी खरंच लागलं. वल्लरी आठवडाभर जमिनीपासून दोन बोटं वरूनच चालत होती.

जलपूजनाला सारा गाव जमला. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, पंप सुरू झाला आणि पाटकरबाईंनी तांब्यातलं पहिलं पाणी तीर्थ म्हणून एकेकाच्या तळहातावर घातलं. पाणी अगदी नितळ होतं. वल्लरीचा धाकटा भाऊ निमिष हात हुंगत म्हणाला, "काय मस्त वास आहे!" आणि त्याने तळहात तोंडाला लावला.

आईने त्याच्या हातावर असा फटका मारला की पाणी चौफेर उडालं.

"थुंक आधी! थुंक म्हणते ना! कुणी पिऊ नका हे पाणी!"

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मोठ्या माणसांनी मात्र आपापले हात हुंगले आणि एकेकाचा चेहरा पांढराफटक पडत गेला. तो वास त्यांच्या लहानपणचा होता. "पेट्रोल!" पाटकरबाई पुटपुटल्या आणि त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला.

वल्लरीच्या तोंडचं पाणी पळालं. जागा तिनेच सुचवली होती, हे एक झालंच. पण मैदानाच्या उताराला, थोडं खाली, तिच्या घराची विहीर होती. घरातले सगळे तेच पाणी प्यायचे. "आई, आपली विहीर!" ती किंचाळली.

दुपारी सुनेत्राआत्या धावत आली. ती भूजलशास्त्रज्ञ (जमिनीखाली मुरलेल्या पाण्याचा अभ्यास करणारी) होती. तिच्या खांद्यावर बेडक्या बसला होता. बेडक्या म्हणजे तिचा हिरवा यंत्रमानव, विहिरीत बुडी मारण्यात पटाईत आणि स्वभावाने भलताच आगाऊ.

"आत्या, निमिषने चाटलंय ते," वल्लरी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"एका थेंबाने काही होत नाही गं. भीती आहे ती रोज पिण्याची. पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचं द्रव्य असतं. ते पाण्यात विरघळलं की दिसत नाही, आणि थोडं असलं तर वासही येत नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर रक्ताचे वाईट आजार होतात. जा रे बेडक्या, आधी विहीर बघ."

बेडक्याने विहिरीत बुडी मारली. वर थांबलेल्या वल्लरीला वाटलं, हा आता बाहेर येतच नाही. शेवटी तो काठावर आला आणि अंग झटकून म्हणाला, "स्वच्छ. आजच्यापुरतं."

"आजच्यापुरतं म्हणजे काय रे?" आई ओरडलीच.

उत्तर द्यायच्या आधी आत्याने त्याला मैदानावर सोडलं. त्याच्या प्रत्येक उडीबरोबर जमिनीत लहरी जायच्या आणि खालचं चित्र आत्याच्या पडद्यावर उमटायचं. हळूहळू एक लांबुडकी आकृती दिसू लागली. लोखंडी, आडवी, मातीत गाडलेली आणि गंजून चाळण झालेली.

"ही बघा तुमची टाकी," आत्या म्हणाली. "पाण्याची नव्हे. जुना रस्ता इथून जायचा तेव्हा इथे पेट्रोल पंप असणार. रस्ता हलला, पंप उठला, वरचं सगळं मोडून नेलं आणि टाकी राहिली खाली. लोकांच्या तोंडी नाव तेवढं उरलं."

वल्लरीने कपाळावर हात मारला. सारा गाव पिढ्यान्‌पिढ्या टाकी टाकी म्हणत होता, पण कशाची, हे कुणीच विचारलं नव्हतं!

"पण टाकी कोरडी ठणठणीत आहे," बेडक्या म्हणाला.

"मग चांगलंच झालं की!" वल्लरीला हायसं वाटलं. "संपलं पेट्रोल!"

"शिऱ्यासाठी रवा तुपात भाजतेस ना?" आत्याने विचारलं. "मग तेच तूप परत वाटीत काढून दे बघू."

"कसं काढणार? ते रव्याला लागलं!"

"तसंच पेट्रोल मातीला लागलंय. टाकीतून झिरपलं, मुरमातून खाली उतरलं. पाण्यापेक्षा हलकं, म्हणून भूजलावर तरंगलं. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर, उन्हाळ्यात खाली, तसं तेही वरखाली होऊन कणाकणाला माखलं. याला अवशिष्ट प्रदूषण (मूळ कारण गेल्यावरही मागे चिकटून राहिलेली घाण) म्हणतात. दर पावसाळ्यात त्यातलं थोडं विरघळतं आणि उताराकडे निघतं."

उताराकडे. वल्लरीने वळून विहिरीकडे पाहिलं.

आत्याने मैदान आणि विहिरीच्या मधोमध बारीक भोकं पाडून पाणी तपासलं. बेंझिन निम्म्या वाटेवर पोचलं होतं. गोगलगायीच्या चालीने, पण येत होतं.

"माझ्यामुळे झालं," वल्लरी हुंदके देऊ लागली.

"वेडी का काय? बोअर चुकीच्या जागी मारलीत हे खरं. ती आता बंदच ठेवायची, नाहीतर पंप ती घाण आणखी ओढेल. पण मारलीच नसती, तर आपल्याला विहिरीला वास आल्यावर कळलं असतं. तोवर बेंझिन किती दिवस पोटात गेलं असतं, कर विचार."

आईने निमिषला कुशीत ओढलं.

उपाय होता, पण चिकाटीचा. जमिनीत पेट्रोल खाणारे जीवाणू (डोळ्यांना न दिसणारे इवलेसे सजीव) असतात. खाली प्राणवायू कमी, म्हणून ते अर्धमेले होऊन पडलेले. आत्याने मैदानात नळ्या पुरल्या आणि सूर्यशक्तीवरच्या पंपाने खाली हवा सोडली. विहिरीवर फळ्या टाकल्या. वल्लरीचं घर नळाचं पाणी भरू लागलं.

वर्षभराने बेडक्या पुन्हा भोकांतून फिरून आला. बेंझिन पुढे सरकलं नव्हतं. उलट थोडं मागे हटलं होतं!

"निमिष दहावीत जाईल तोवर फळ्या काढता येतील, असं वाटतंय," आत्या म्हणाली.

निमिष तर अजून पहिलीत होता. वल्लरीने बोटांवर वर्षं मोजली.

"आत्या, त्या पंपवाल्यांना कळत नव्हतं का गं, हे आपल्या विहिरीपर्यंत येईल?"

"नसेल कळत. डोळ्यांआड पुरलं की विषय संपला, असंच वाटायचं लोकांना."

तेवढ्यात समोरून शाळेची बस सरकन गेली, धूर नाही की आवाज नाही. वल्लरी तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम दचकली.

"आत्या, बसच्या जुन्या झालेल्या बॅटऱ्या डेपोच्या मागे खड्ड्यात टाकतात. त्यावर माती लोटताना मी पाहिलंय."

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्याच क्षणी तिने बेडक्याला उचलून खांद्यावर ठेवलं.

"चल," ती म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही." पण वल्लरी केव्हाच डेपोच्या दिशेने पळत सुटली होती.