निव्वळ वेळ

मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक धावपटूच्या हातात एक कागद पडायचा आणि त्यावर दोन आकडे असायचे. पहिला घड्याळाचा. तो कुणालाही कळतो. दुसऱ्या आकड्याला 'निव्वळ वेळ' म्हणत. भोवती दुसरं कुणीही नसतं, तर तेच बेचाळीस किलोमीटर तुम्ही किती वेळात धावला असता, हे तो आकडा सांगायचा.

रत्नप्रभा शेडगेच्या कागदावर छापलं होतं: घड्याळ, चार तास तीन मिनिटं बारा सेकंद. निव्वळ, तीन तास सत्तावन्न मिनिटं चाळीस सेकंद.

ती साताऱ्याच्या एसटी आगारात मेकॅनिक होती. वय चोपन्न. आगारातल्या अकरा जणांबरोबर सहा वर्षं ती सकाळी सकाळी यवतेश्वरचा घाट चढत होती, ती एकाच गोष्टीसाठी: मॅरेथॉन चार तासांच्या आत संपवायची. यंदा गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की ही शेवटची. काल मुंबईत शेवटच्या कमानीखालून गेल्यावर तिने कमानीवरचं घड्याळ पाहिलं, आणि पदक घेऊन आलेल्या मुलीला म्हणाली, "गळ्यात नको गं, पिशवीत टाक."

नियमाप्रमाणे सात दिवसांत दावा केला, तर निव्वळ वेळ हीच अधिकृत वेळ धरली जाई. म्हणून आज ती समुद्राच्या नव्या बांधाजवळच्या निकाल केंद्रात आली होती. समोर डॉ. शमसुद्दीन मुजावर होते. मूळचे मिरजेचे. आधी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता केंद्राचे प्रमुख.

"सही कुठं करू?" ती आत येताच म्हणाली.

"बसा की ताई. कालच्या पायांनी उभ्या काय राहताय?"

"बसले तर उठवायला माणूस लागंल."

"मी आहे की उठवायला. आधी हा आकडा कुठून आला ते सांगू द्या. ऐकल्याशिवाय सही घ्यायची नाही, असा नियम आहे."

ती कण्हत बसली.

"एका लाकडी फळीवर लंबकाची दोन घड्याळं टांगा," मुजावर म्हणाले. "सुरुवातीला दोघांचे लंबक वेगवेगळे हलतील. काही वेळाने पाहा. दोघांचा मेळ बसलेला असेल. फळीतून एकाचा हलका धक्का दुसऱ्याला पोचत राहतो."

"माणसाला फळी कुठंय?"

"रस्ता आहे. कान आहेत. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसणारा शेजाऱ्याचा हात आहे. नाटकानंतर टाळ्या पडतात, तेव्हा आधी नुसता गोंगाट असतो आणि मग कधी कधी सगळ्या टाळ्या एका ठेक्यात पडायला लागतात. कुणी सांगितलेलं असतं का? नाही. पाऊल, श्वास, हृदय, या सगळ्यांचं तसंच होतं. त्याला आम्ही 'लयबंध' म्हणतो. तुमच्या बुटातल्या चकतीने आणि छातीवरच्या पट्ट्याने काल तोच मोजला. कुणाची लय कुणाकडे गेली, हे कळलं की ती वजा करता येते. उरते ती निव्वळ वेळ."

"म्हणजे गर्दीनं मला मागं ओढलं."

"नुसतं सांगून उपयोग नाही. दाखवतो."

त्यांनी पडदे ओढले. समोरची भिंत उजळली आणि तिच्यावर कालचा सबंध रस्ता पसरला. एकेचाळीस हजार ठिपके होते, एका माणसाचा एक. पाऊल पडलं की ठिपका लुकलुके. आरंभी सगळे आपापल्या मर्जीने लुकलुकत होते, सांडलेल्या तांदळासारखे. सातव्या किलोमीटरपाशी कुठे दहा, कुठे वीस ठिपके एकत्र उजळू लागले. मग त्या पुंजक्यांतून एक लाट उठली. ती पुढच्या टोकाकडून मागे आली, शेवटच्या धावपटूपर्यंत पोचली आणि वळून परत पुढे गेली. मागून दुसरी निघाली. बांधाच्या वळणावर तर तो सगळा रस्ता एकदम उजळत होता आणि मंदावत होता. काहीतरी प्रचंड, मैलोगणती लांब, समुद्राच्या कडेने श्वास घेत चाललं होतं, आणि त्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

रत्नप्रभा कधी उठून उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही.

"मी यात होते?" ती हळूच म्हणाली.

"हा तुमचा ठिपका. एकोणतिसावा किलोमीटर पाहा."

तिच्या ठिपक्याशेजारी एक मंद ठिपका होता. त्याचा ठेका चुकत होता. दोनदा पडायचा, तिसऱ्यांदा अडखळायचा. तिच्याकडून एक जाड प्रकाशधागा त्याच्याकडे गेला. तिचा वेग उतरला. त्याचा ठेका हळूहळू सरळ झाला. अडतिसाव्या किलोमीटरपर्यंत तो धागा तुटला नाही.

"पांढऱ्या मिशांचे, निळी टोपी," ती आठवत म्हणाली. "एक शब्द बोलले नाहीत."

"एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचं हृदय डळमळलं होतं. एकटे असते, तर चौतिसाव्या किलोमीटरला थांबले असते. पडले असते की बसले असते, ते हिशेबात कळत नाही. तुम्हाला काही ऐकू आलं होतं का?"

ती थोडी ओशाळली. "एक पाय वाईट पडत होता. बेअरिंग जायला आलं की गाडी अशी वाजते. आमच्यात रीत आहे, रस्त्यात अशी गाडी दिसली, की तिला सोडून पुढं जायचं नाही. मागं मागं आगारापर्यंत जायचं. पण हे मी मुद्दाम नाही केलं हो! मी चार तासांचा जप करत धावत होते."

"माहीत आहे. तुमच्या शरीराने तुम्हाला विचारलंच नाही."

"मग माझी सहा वर्षं कुणाला विचारून दिली?" तिचा आवाज चढला. "मी काही त्यांना बोलावलं नव्हतं. सही कुठं करायची, तेवढं सांगा."

"सांगतो. पण दावा मंजूर झाला, तर त्यांच्या कागदावरही तसा बदल होईल. धाव एकच आहे. तुमची एकटीची धरली, तर त्यांचीही एकट्याचीच धरावी लागते. तिथे 'अपूर्ण' असं छापलं जाईल."

तिने भिंतीवरच्या त्या धाग्यावरून नजर काढली. मग म्हणाली, "सही करणार. माझं आहे ते मला पाहिजे."

मुजावरांनी अर्ज दिला आणि एका जाड दाराकडे बोट दाखवलं. सही एकांत खोलीतच करावी लागे. शेजारी माणूस असला, की त्याची लय आपल्या निर्णयात शिरते, म्हणून कायद्यानेच तशी खोली ठरवून दिली होती. जमीन रबरावर तोललेली, भिंती हातभर जाडीच्या, आत घड्याळ नाही, पंख्याची घरघरही नाही. मुदत दहा मिनिटं.

दार बंद झालं. आधी तिला बरं वाटलं. मग श्वास किती लांब घ्यायचा, हेच कळेना. तिने चार तासांची ती ओढ मनात शोधली. घाटात अकरा जणांच्या पावलांत ती रोज असायची. इथे नव्हती. मग म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटतंय का, ते पाहिलं. तेही नव्हतं. राग नव्हता, लाजही नव्हती. तिने पेन कागदावर टेकवलं. हाताला काही अडवत नव्हतं, आणि पुढेही ढकलत नव्हतं. तीन तास सत्तावन्न मिनिटं ही इथे बसलेल्या बाईची वेळ होती, आणि या बाईला धावायचंच नव्हतं. तिला काहीच नको होतं.

दहा मिनिटांनी ती बाहेर आली. अर्ज कोरा होता.

"डॉक्टर, तुम्ही कधी आत बसलाय?"

"एकदा. मीही कोराच कागद घेऊन आलो."

"आणि बाकीचे?"

"नऊ वर्षांत हजारो जण आत गेले. सही एकाचीही नाही. पहिली दोन वर्षं आम्हाला वाटायचं, माणसं मनाने किती मोठी आहेत. लेखही लिहिला होता मी तसा."

पलीकडच्या दालनात लोक बोलत होते, खुर्च्या सरकत होत्या. त्या आवाजांबरोबर रत्नप्रभाचा श्वास जागेवर येऊ लागला. आधी गुडघा दुखला. मग सगळंच परत आलं: घाट, सहा वर्षं, कमानीवरचा तो आकडा. तिला ते चार तास हवे होते, कालच्यापेक्षाही जास्त. डोळे भरून आले. ती पेन घट्ट धरून दाराकडे वळली.

"पुन्हा आत जाऊ?"

"जा की, ताई. सात दिवस मुदत आहे. पण हे हवंसं वाटणं आत येत नाही. ते इथेच राहतं, माणसांत."

ती दारापाशी उभी राहिली. मग मागे आली, आणि खुर्चीत बसून रडू लागली. मुजावर तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांचाही श्वास तिच्यासारखाच तुटत तुटत येऊ लागला. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तो सावरला नाही.