काचेची शेवंती

निद्राकक्षात भर दुपारीही निळसर, पाण्याखालचा वाटावा असा उजेड असे. दोन खाटा, आणि मधे डॉ. मृणाल धारप यांनी अर्धं आयुष्य खपून बनवलेलं सहस्वप्न यंत्र. एका खाटेवर दत्ताराम भाटकर झोपलेला होता. बंदरावर क्रेन चालवणारा धट्टाकट्टा माणूस. बायको आधीच गेलेली. मग एकुलती एक लेक तापाने गेली, तेव्हा जो झोपला तो उठलाच नाही. मेंदू ठणठणीत होता. त्याला उठायचंच नव्हतं. आणि नळीतल्या अन्नावर शरीर आता झिजत चाललं होतं. दुसऱ्या खाटेवर समुपदेशन शिकलेली परिचारिका अनसूया डोंगरदिवे आडवी होत होती.

"सहस्वप्नात दोन आठवणी एकत्र येतात," डॉ. धारप तारा जोडता जोडता म्हणाल्या. "जे दोघांनाही आठवतं ते तिथे भरीव असतं. जे एकालाच आठवतं ते काचेसारखं. आरपार, बिनवजनाचं."

"आणि बाहेर आल्यावर गोळी."

"विस्मरणगोळी. ती चुकवायची नाही. रुग्णाचं गुपित रुग्णापाशीच राहिलं पाहिजे. शिवाय रोज कुणाचं तरी दुःख घरी नेलंत, तर वर्षभरात तुमच्यासाठीच इथे खाट राखून ठेवावी लागेल."

अनसूया हसली. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं.

स्वप्नात समुद्रकिनारा होता. वाळू पायाला लागत होती, कारण वाळूत दोघंही कधी ना कधी चालले होते. मागचं कौलारू घर मात्र काचेचं, आणि दाराशी खेळणारी मुलगीही काचेची. तिच्या पोटातून पलीकडच्या लाटा दिसत होत्या. दत्ताराम तिच्याकडे एकटक पाहत बसला होता.

"मुलीचं नाव काय, भाऊ?" अनसूयाने विचारलं.

"परवा सांगितलं, काल सांगितलं," तो थकून म्हणाला. "रोज नव्याने काय विचारता, सिस्टर? शेवंती. शेवू."

अनसूयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुखरी गोष्ट माणसाला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, हा तिच्या विद्येचा पहिला धडा होता, आणि इथे नियम पाळूनच ती तो मोडत होती. त्या दिवशी बाहेर आल्यावर तिने गोळी जिभेखाली दडवली. असे गोळ्या दडवणारे रुग्ण तिने आयुष्यभर पकडले होते, त्यामुळे युक्ती उत्तम जमली.

पुढच्या खेपांना तिने नाव विचारलं नाही. "शेवूला भाताची पेज आवडायची म्हणालात, मग?" एवढंच म्हणायची आणि ऐकत राहायची. सगळं ठीक होईल, विसरा आता, असलं काहीही ती बोलली नाही. दत्ताराम सांगत गेला आणि मुलगी भरत गेली. आधी वेणी भरीव झाली, मग खरचटलेलं कोपर, आणि एकदा तर तिची सावली वाळूवर पडली. ते पाहून अनसूया आनंदली आणि लगेच धास्तावली. मुलगी पुरती भरीव झाली, तर हा माणूस उठेल कशाला? आपणच याला इथे डांबून ठेवतोय की काय?

"उठावंसं वाटत नाही?" तिने एकदा विचारलं.

"ती आता माझ्या एकट्याकडेच आहे ना. उठलो, कामाला लागलो आणि विसरलो, तर पोर राहणार कुठे?"

 अनसूया सरकून त्याच्याशेजारी वाळूत बसली.

"शरीर आता साथ देत नाही," डॉ. धारप एके सकाळी म्हणाल्या. "आजची खेप बहुधा शेवटची."

त्या दिवशी दत्तारामने मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि तिचं वजन लागून तो चक्क एका बाजूला झुकला. दोघं पाण्याच्या कडेने कितीतरी वेळ फिरले. मग कुठल्याही बापाने म्हणावं तसं तो म्हणाला, "सिस्टर, हिला धरता का जरा? हात अवघडला."

अनसूयाने हात पुढे केले. शेवंती तिच्या खांद्यावर मान टाकून विसावली. दत्तारामने आपले रिकामे हात पाहिले, दोघींकडे पाहिलं आणि तो किनाऱ्याने चालू लागला. तो दिसेनासा होताच मुलगी मिठीत काचेची झाली. अनसूया जागी झाली ती रडतच.

शेजारच्या खाटेवर दत्तारामचे डोळे उघडे होते. डॉ. धारप यांनी आनंदाने टाळीच वाजवली आणि रिवाजाप्रमाणे गोळी आणि पाण्याचा पेला अनसूयापुढे धरला.

"सिस्टर," दत्तारामचा आवाज खरवडून आल्यासारखा होता, "शेवू जड होती का हो?"

"भाटकर, स्वप्नात तुमची एकट्याची आठवण म्हणजे बिनवजनाची..." डॉ. धारप बोलता बोलता थांबल्या.

दत्तारामच्या पापण्या पुन्हा जड होऊ लागल्या. खरं सांगितलं तर गोळ्या चुकवल्याचं उघड होईल आणि या कक्षात पुन्हा पाऊल टाकता येणार नाही, हे अनसूया जाणून होती. तिने डॉक्टरांचा हात बाजूला सारला.

"खूप जड होती, भाऊ. माझा डावा हात अजून भरून आलाय."

दत्ताराम हुंदके देऊन रडू लागला आणि रडता रडता उठून बसला.