हितसंबंध

निरुपमानं वर्गाचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

सगळी बाकं कुणीतरी गोलात मांडली होती. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं – 'विश्वामित्री वेफर्स लिमिटेड, वार्षिक सर्वसाधारण सभा'. एक मुलगा टेबलावर हात आपटत "अध्यक्षांनी उत्तर द्यावं!" म्हणून ओरडत होता. आणि त्या गोंधळाच्या मधोमध, शर्टाच्या बाह्या दुमडलेला एक उंच तरुण खुशाल हसत उभा होता.

"हा माझा तास आहे," निरुपमा म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. बाहेर बडोद्यातली डिसेंबरची सकाळ होती... धुक्यानं ओलसर, कोवळ्या उन्हाची. त्याच्या मराठीला गुजराती वळण होतं.

"माफ करा... डभोईची बस उशिरा आली. पाच मिनिटं द्या ने. भागधारक चिडलेत. असाच निघून गेलो, तर कंपनी बुडेल!"

"बुडू दे. बुडालेली कंपनी गुंडाळायची कशी, तेच मी आज शिकवणार आहे."

मुलं खो खो हसली. तोही हसला. निरुपमानं मात्र हसू ओठांतच दाबलं.

तो ऐंशी-एक्याऐंशीचा हिवाळा. लॉ कॉलेजात कंपनी कायदा निरुपमाच शिकवत असे. त्या वर्षी विद्यार्थी वाढले, दुसरी तुकडी निघाली, आणि गोरव्यातल्या एका कारखान्यातली कायदा अधिकाऱ्याची नोकरी सोडून हा हेरंब तिथं शिकवायला आला. नेमणूक वर्षापुरतीच. हा विषय रुक्ष, असं सगळे म्हणत. या दोघांना ते मान्य नव्हतं. पण एवढं एक सोडलं, तर बाकी कशावरच त्यांचं एकमत नव्हतं.

"तुमची मुलं नुसती भांडतात," कँटीनमध्ये सेव-उसळ खाता खाता ती म्हणे. "परीक्षेत काय लिहिणार?"

"तुमची मुलं सुरेख लिहितात, मॅडम. पण भर सभेत उभं राहून बोलतील?"

"आधी पाया, मग कळस."

"आणि पाया खणता खणताच वर्ष सरलं तर?"

एके दिवशी तो तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसला. निरुपमा त्या दिवशी एका इंग्रज चर्मव्यापाऱ्याचा जुना खटला सांगत होती. त्यानं आपल्या धंद्याची कंपनी केली, धंदा बसला, आणि माणूस वेगळा, त्याची कंपनी वेगळी, हे सिद्ध करायला त्याला थेट वरच्या न्यायालयापर्यंत जावं लागलं. ती सांगत गेली, तसा वर्ग चिडीचूप झाला.

"हा खटला मी कितीदा वाचलाय," तास संपल्यावर हेरंब हळूच म्हणाला. "पण तो म्हातारा... आज पहिल्यांदा दिसला मला."

दिवसभर ते वाक्य निरुपमाभोवती अत्तरासारखं दरवळत राहिलं.

मग तीही त्याच्या वर्गात गेली. पाणीगेटची कांचन त्या दिवशी छोटी भागधारक झाली होती. आदल्या वर्षी कराराच्या कायद्याला ही मुलगी निरुपमाच्याच वर्गात होती; तिचा आवाज कसा आहे, हे निरुपमाला ठाऊकही नव्हतं. कांचन उठली. "अध्यक्ष महाराज, माझे शेअर थोडे आहेत... पण प्रश्न थोडे नाहीत!" – आणि मग ती थांबलीच नाही. निरुपमाचे डोळे भरून आले. शेजारच्या खिडकीशी उभा असलेला हेरंब कांचनकडे नव्हे, तिच्याकडे पाहत होता.

त्या दुपारी दोघं एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "अख्खं कॉलेज मला निरुपमाबेन म्हणतं. तुम्ही तेवढे मॅडम का म्हणता?"

तो चालता चालता थांबला.

"बेन म्हणजे बहीण. तुम्हाला तसं म्हणायला... जीभ वळत नाही."

बसनं हॉर्न दिला, तो धावत गेला. निरुपमा कितीतरी वेळ तिथंच उभी होती.

फेब्रुवारीत प्राचार्य भास्कररावांनी तिला बोलावून घेतलं. हेरंबच्या तुकडीचा अभ्यासक्रम मागे पडलाय, अशी काही पालकांची तक्रार होती.

"पुढच्या वर्षी त्यांना ठेवायचं की नाही? विषय तुमचा, तेव्हा मतही तुमचंच. उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी नेमका संचालकांच्या कर्तव्यांचा धडा होता.

"एखाद्या विषयात संचालकाचा स्वतःचा हितसंबंध असेल," ती सांगत होती, "तर त्यानं तो उघड करायचा, आणि मतदानापासून दूर राहायचं."

"बेन, हितसंबंध एटले... म्हणजे पैशाचाच ने?" एकानं विचारलं.

"पैशाचाच असं नाही..."

"मग दुसरा कसला?"

खडू हातातच राहिला. शेवटच्या बाकावर हेरंब हनुवटीला हात लावून ऐकत होता.

"ते... नंतर सांगते."

तास सुटताच ती तडक प्राचार्यांच्या खोलीत गेली.

"सर, माझं मत घेऊ नका."

"का? भांडलात की काय?"

"नाही सर. भांडले असते तर सोपं होतं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "या विषयात... माझा हितसंबंध आहे."

भास्कररावांनी चष्मा काढला. त्यांच्या पांढऱ्या मिशीचा कोपरा किंचित हलला.

"उघड केलात, उत्तम केलंत. आता मीच जाऊन बसतो त्यांच्या वर्गात."

ते खरंच आठवडाभर बसले. निकाल दिला तो असा – हेरंबनं राहावं. मात्र दोन्ही तुकड्या दोघांनी मिळून शिकवाव्यात; आधी निरुपमाचा खटला, मग हेरंबची सभा.

त्या संध्याकाळी दोघं सूरसागर तलावाच्या कठड्याशी उभी होती. पाण्यावर केशरी उजेड तरंगत होता.

"सर म्हणाले, तुम्ही माझ्याबद्दल मत द्यायलाच नकार दिलात," हेरंब म्हणाला. "माझं शिकवणं इतकं नापसंत होतं, तर मला सांगायचंत..."

"पसंत आहे. फार पसंत आहे."

"मग?"

वारा आला. पाण्यातला उजेड हलला, पुन्हा स्थिर झाला. निरुपमानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तुम्ही अगदी टाकाऊ शिकवत असतात ना... तरीसुद्धा मी म्हटलं असतं, ठेवा त्यांना."

हेरंब कठड्यापासून तिच्याकडे वळला. मग खूप हळू, जणू झोपेतल्या माणसाला जागं करायचं नसावं तसं, त्यानं विचारलं, "दांडिया बाजारात घर आहे ना तुमचं? वडील... कधी भेटतील?"

"आता घरीच असतील. पण आधीच सांगून ठेवते, ते माझ्याहून कडक मास्तर आहेत. शंभर प्रश्न विचारतील."

"आणि मला एकाचंही उत्तर आलं नाही तर?"

"मी असेन ना शेजारी," निरुपमा म्हणाली, आणि दांडिया बाजाराच्या दिशेनं चालू लागली – अगदी सावकाश, त्याला सोबत येता यावं म्हणून.