धुक्यात म्हटलेलं ‘या’

बसा रे नीट. पांघरुणं घ्यायची तर आत्ताच घ्या, मध्येच उठाउठी नको. ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायला अक्कल लागते, आणि ती असती तर जन्मभर हातगाडी ढकलली नसती मी. माझ्या मावसभावावर आणि वहिनीवर हे गुदरलंय. मला वहिनीनं सांगितलं, एकदाच. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

मावसभाऊ सुतार. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. मूलबाळ नाही. घरात दोन मुके जीव. एक कुत्रा, करवतीखाली पडतो ना, त्या भुशाच्या रंगाचा, म्हणून त्याचं नाव भुश्या. आणि एक मांजर, तिचं नाव चूक. हसू नका. बारीक खिळ्याला सुतार चूकच म्हणतो, आणि ही पिल्लू असताना तेवढीच होती. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “घरातली ही एकच चूक माझी, बाकीच्या सगळ्या मिस्त्रींच्या.”

तर एके दिवशी भुश्याचे मागचे पाय गळाले. काही पडला नाही, कुणी मारलं नाही. सकाळी उठला तो पुढच्या पायांवर, आणि मागचं धूड आलं ओढत, ओलं पोतं ओढल्यासारखं. जवळचा जनावरांचा डॉक्टर म्हणाला, “कमरेचा मणका दबलाय. हे माझ्या हातचं काम नाही. मोठ्या शहरात नुसतं मणक्याचंच बघणारा डॉक्टर आहे, तो कापून नस मोकळी करतो. पण लवकर न्या. उशीर झाला तर पाय गेले, आणि पाय गेले की हळूहळू सगळंच.”

फोन लावला. शनिवारी सकाळी आणा म्हणाले. नंतर डॉक्टर महिनाभर बाहेरगावी. म्हणजे शनिवार चुकला की संपलं.

आता एवढ्या लांब कुत्र्यामांजराला कोण बसू देणार गाडीत? पण मिस्त्रीची घरगाडी होती. म्हातारपणी हिंडू म्हणून त्यानं भंगारातून एक जुनी गाडी घेतली होती. पूर्वी ती जनावरांचा फिरता दवाखाना होती. गावोगाव थांबायची, लोक आपापली जनावरं घेऊन रांगेत उभे राहायचे. मिस्त्रीनं पांढरा रंग खरवडून निळा दिला. आत पलंग, ओटा, कपाटं, दार सगळं लाकडी, स्वतःच्या हातचं. जुनी एकच वस्तू ठेवली. बाजूची खिडकी. तिथून कंपाउंडर औषधं द्यायचा. वर उचलायची झडप आणि बाहेर हात टेकायला फळी. वहिनी म्हणाली, राहू द्या, भाजी चिरायला उजेड येईल.

शुक्रवारी निघाले. गेल्या हिवाळ्यातला शुक्रवार, दुसऱ्या दिवशी अमावास्या. भुश्याला पलंगावर गादी दिली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. चूक त्याच्या पोटाशी. मिस्त्री अंडी नेल्यासारखी गाडी चालवत होता, कारण जरा खड्डा आला की भुश्या कळवळायचा.

“अहो, बैलगाडीसुद्धा पुढे गेली आपल्या,” वहिनी म्हणाली.

“जाऊ दे. तिच्यात भुश्या नाही.”

अंधार पडला आणि धुकं उतरलं. तुम्ही म्हणाल, मोबाईलमध्ये नकाशा नव्हता का? होता रे. पण नकाशाला धुकं दिसत नाही. पुढचा रस्ता दिसेना तेव्हा मिस्त्रीनं एका पुलाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. म्हणाला, जरा विरळ होऊ दे, मग जाऊ. आणि मागे जाऊन भुश्याच्या कमरेला शेक देत बसला.

वहिनीनं चहा ठेवला. वाफ कोंडली म्हणून झडप उचलली.

बाहेर एक माणूस उभा होता.

भ्यायची काही गोष्ट नव्हती. साधाच, उतारवयाचा. दोन्ही हातांवर घोंगडी, आणि तिच्यात काहीतरी गुंडाळलेलं, जड. लहान मूल धरावं तसं धरलेलं.

“डॉक्टर आहेत का?” त्यानं विचारलं.

“नाही हो. हा दवाखाना नाही. आमचं घर आहे हे.”

“गाडी तर तीच आहे.”

“होती पूर्वी. आता आम्ही घेतली. आम्हीच डॉक्टर शोधत निघालोय बघा,” वहिनी म्हणाली. तिला वाईट वाटलं. “काय झालंय त्याला?”

त्यानं घोंगडीकडे बघितलं. घोंगडी हलत नव्हती. चूक मात्र पलंगावर उठून उभी राहिली होती, पाठीचे सगळे केस ताठ.

“बरं,” तो म्हणाला. “येतो मग.”

आणि वहिनी म्हणाली, “या.”

आता तुम्हीच सांगा, दुसरं काय म्हणेल ती? आपल्यात जाणारा कधी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि आपण त्याला ‘या’ म्हणतो. लहानपणी जातो म्हटलं तर आईचा धपाटा बसायचा पाठीत. अर्थ काय, तर नीट जा. जिभेला वळणच तसं पडलेलं असतं. समोरचा आपल्यातलाच असला की त्याला कळतंही.

समोरचा आपल्यातला असला की.

धुकं विरळ झालं. गाडी निघाली. पूल गेला, घाट गेला, मग लांबच लांब सरळ रस्ता. बरंच अंतर तोडलं. भुश्यानं जरा पाणी घेतलं तशी वहिनीला आशा वाटली. मग पुन्हा धुकं आलं, आधीपेक्षा दाट. एक बंद पडलेला पेट्रोल पंप लागला, तिथे मिस्त्रीनं गाडी आत घेतली.

“उघडं आहे का गं काही? विचार जरा, आत माणसाचा आवाज आल्यासारखा झाला.”

वहिनीनं झडप उचलली.

तोच माणूस.

फळीवर हात टेकून उभा. धाप नाही, घाम नाही. आणि हातांवर काही नाही. घोंगडी रिकामी, घडी करून खांद्यावर टाकलेली.

वहिनीचा हात झडपेवरच राहिला. मग म्हणाली, “तुम्ही… इथे कसे?”

“या म्हणालात ना.”

“आणि तुमचं… ते जनावर?”

“सोडलं.”

एवढंच बोलला. मग तिच्या खांद्यावरून आत बघायला लागला. पलंगाकडे.

“हा कुणाचा?”

“आमचा.”

“चालत नाही?”

“नाही.”

“माझाही चालत नव्हता,” तो म्हणाला. “रांगेत उभा होतो. डॉक्टर म्हणाले होते, गाडी येईल… थांबलो.”

मिस्त्रीनं हे ऐकलं. तो उठला, वहिनीचा हात बाजूला करून त्यानं झडप पाडली, आणि पुढे जाऊन गाडी चालू केली. धुक्यातच. दिवे लावूनही समोर नुसती भिंत. भुश्या ओरडत होता, पण या खेपेला मिस्त्री थांबला नाही.

बऱ्याच वेळानं तो बोलला. “अगं, ऐक. पुन्हा आला तर आपण काही म्हणायचं नाही. तो येतो म्हणेल. तू या म्हणू नकोस. दात आवळून धर. म्हणालीस तर तो येतच राहील.”

“नाही म्हणणार.”

“नक्की?”

“नाही म्हटलं ना. माझ्या आईची शपथ.”

पुढे तर रस्ताच संपल्यासारखा झाला. हात लांब केला तर बोटं दिसेनात. खाली चाकाला मऊ माती लागली तेव्हा कळलं, रस्ता सुटलाय. शेताच्या बांधाशी गाडी उभी राहिली. पुढे जायचं तर खड्ड्यात जाऊ. मागे यायचं तर काही दिसत नाही. शहर अजून लांब. सकाळ जवळ येत चाललेली. मिस्त्रीनं कोणाकोणाला फोन लावले, लागेनात. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. हातात रंधा दिला तर दगडाची फळी करेल असा माणूस. पण धुक्याला रंधा लागत नाही.

वहिनी भुश्यापाशी बसली. त्याचा श्वास बारीक झाला होता. तिनं कानामागे खाजवलं, त्यानं डोळे उघडले. तेवढंच.

मग झडपेवर टकटक.

दोघंही हलली नाहीत.

पुन्हा टकटक. हळू. भल्या माणसाची.

झडपेला आतून कडी नव्हती. ती बाहेरूनच उचलली गेली… आधी बोटभर… मग पूर्ण. वहिनी पलंगावरून उठून मध्ये उभी राहिली. भुश्या पाठीमागे, आपण पुढे. मिस्त्री धावत आला, तिच्या शेजारी उभा राहिला.

तो बाहेर होता. आता त्याच्या हातांवर घोंगडी होती. भरलेली. जड.

तो आत बघत नव्हता. त्यानं काही मागितलं नाही.

“आता डॉक्टर नको,” तो म्हणाला. आवाज मऊ होता, असं वहिनी म्हणाली. समजूत काढताना असतो तसा.



“येतो.”

वहिनीनं दात आवळले. मिस्त्रीनं तिचं मनगट धरलं होतं, करकचून. बाहेरचा तिथेच थांबला. वाट बघितल्यासारखा. मान जरा पुढे करून… ऐकत.

वहिनी गप्प.

मिस्त्री गप्प.

“बरं,” तो म्हणाला. आणि वळला.

वळताना घोंगडीचं टोक घसरलं. आतून एक कान बाहेर आला.

भुशाच्या रंगाचा.

वहिनी गर्रकन मागे वळली. पलंग रिकामा. उशा दोन्ही बाजूंना, तशाच. मध्ये खळगा. तिनं हात लावला… गादी गरम होती.

तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर टाकलं आणि ओरडली. “या! अहो या! परत या! या हो…!”

धुक्यात काही नव्हतं.

“या!… भुश्या! ये! ये रे!”

मिस्त्रीनं तिला कमरेला धरून आत ओढलं. झडप पाडली, तिच्यावर पलंगाची फळी आडवी लावली, दाराची कडी घातली, वर खुंटी ठोकली. “काय केलंस! पुन्हा बोलावलंस त्याला!” खुंटीवर मारायचा हातोडा बोटावर बसला. ती म्हणत होती, “माझा भुश्या नेला… येतो म्हणाला, मी गप्प बसले… मी गप्प बसले हो…”



कितीतरी वेळ गेला.

मग दाराशी आवाज आला. खरखर. खालच्या बाजूला.

मिस्त्रीनं वहिनीच्या तोंडावर हात ठेवला. “तोच आहे,” तो कानात म्हणाला. “उघडायचं नाही. काही झालं तरी.”

खरखर… थांबली. पुन्हा खरखर. घाई झाल्यासारखी.

आणि चूक पलंगाखालून बाहेर आली. तो पहिल्यांदा आला तेव्हा तिचे केस ताठ झाले होते ना? आता नाही. ती शेपटी उभी करून दारापाशी गेली. दाराला अंग घासलं. घुरघुरली. मागे वळून दोघांकडे बघून म्यांव म्हणाली, दूध मागताना म्हणते तशी.

वहिनी ते बघत होती. पण भीती अशी असते बाळांनो, डोळ्यांना दिसतं आणि डोक्यात शिरत नाही. मिस्त्री दाराला पाठ लावून बसला. पाठीमागे खरखर. त्याला ती पाठीत जाणवत होती, फळीतून.

मग हळू झाली.

मग एकदा… नुसती.

मग नाहीच.

उजाडलं. धुकं बघता बघता उडालं. रस्ता असा जवळ होता, की हसू यावं. मिस्त्रीनं खुंटी उपटली, कडी काढली, दार उघडलं. वहिनी त्याच्या मागे.

शेत नांगरून सोडलेलं होतं, माती ओली, मऊ. खिडकीखाली माणसाचं एकही पाऊल नव्हतं. कुठेच नव्हतं.

पण शेताच्या मधोमधून, जिथून कुणी येण्यासारखं काही नव्हतं, तिथून कुत्र्याच्या पावलांची एक ओळ सरळ गाडीकडे आली होती. ओढल्याची खूण नव्हती. चारही पाय स्वच्छ उमटलेले, लांब लांब पडलेले, धावत आल्यासारखे. दारापर्यंत. तिथून परत जाणारी एकही ओळ नव्हती.

आणि दाराच्या फळीवर नखांचे ओरखडे होते, पण अगदी खाली, पायरीपाशी, पुढच्या पायांचे ठसेच नव्हते. फक्त मागच्या दोन पायांचे. मातीत खोल रुतलेले.