मोर, काका आणि सातवा मजला

जयपूरच्या मालवीय नगरातल्या त्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली, तेव्हा आत तिघं होती. त्यांतली शांत फक्त एक, आणि ती नऊ वर्षांची होती.

"घाबरू नका," गौतमी म्हणाली. "मतलब... लिफ्ट अशी पडत नसते. मोठा श्वास घ्या."

"घेतोय," शेजारचा तरुण म्हणाला. "तुम्ही माझी बाही सोडलीत, तर आणखी मोठा घेता येईल."

गौतमीने खाली पाहिलं. त्याची बाही खरोखरच तिच्या मुठीत होती. ती कधी आली, हे बाहीलाच ठाऊक.

"दोर तुटला तरी ब्रेक लागतो," मुलीने भिंतीला सांगितलं. "पंखा चालू आहे. हवा आहे. बोलायची गरज नाही."

लिफ्ट हलली. तिसऱ्या मजल्यावर, मुलांच्या समुपदेशन केंद्राच्या दारात, तिघंही एकाच दिशेने वळली.

"म्हणजे... भीतीवर काम करणाऱ्या मॅडम तुम्हीच?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने चुरगळलेली बाही सरळ केली. "मग चांगलं आहे," म्हणाला. "अनुभवी आहात."

त्याचं नाव गंधार आणि मुलगी त्याची पुतणी, शर्वरी. तिचे बाबा, प्रकाश, रेल्वेत होते. बदली झाली म्हणून दौंडहून जयपूरला आले. आईची नोकरी अजून दौंडलाच अडकलेली. म्हणून पुण्याच्या कंपनीचा हा काका जगतपुऱ्यातल्या फ्लॅटवर येऊन बसला होता. सकाळी लॅपटॉप, दुपारी स्कूटरवरून शर्वरी. गौतमीही रेल्वेवाल्यांचीच मुलगी. भुसावळला जन्मलेली, इथल्याच आदर्श नगरात वाढलेली. केंद्रात मराठी येणारी ती एकटीच होती, जितकं येत होतं तितकं.

शर्वरी स्वमग्न होती. तिला लिफ्ट आवडायच्या आणि तिची अडचण एकच होती. मोर. शाळेच्या भिंतीवर एक मोर बसायचा आणि काही न सांगता ओरडायचा. जो मोर पाहायला लोक जयपूरला विमानाने येतात, तो दिसू नये म्हणून ही पलंगाखाली जायची. तिची शाळा बंद पडली होती.

गौतमीचं काम बोलण्याचं. पण 'कसं वाटतंय?' या प्रश्नाला शर्वरीकडे उत्तर नसायचं. मग गौतमीने कागदावर लिफ्ट काढली. तळमजला म्हणजे निवांत, दहावा म्हणजे आता किंचाळणार. भीती कितव्या मजल्यावर आहे ते सांगायचं. खोलीतल्या प्रत्येकाने, मॅडमनेसुद्धा. आणि खोटा मजला सांगायचा नाही. हा नियम शर्वरीला फार आवडला. नियम तिला आवडायचेच.

मग भीतीला तिचं भाकीत विचारायचं. "मोर ओरडेल," शर्वरी म्हणाली, "आणि थांबणारच नाही." आवाज कानाला खुपतो ते खरंच होतं. त्यासाठी तिच्या गळ्यात जाड हेडफोन असायचे, आणि ते काढ असं तिला कुणी म्हणणार नव्हतं. तपासायचं होतं फक्त ते 'थांबणारच नाही'. एकेक पायरी चढून. आधी मोराचा फोटो, मग फोनवर बारीक आवाजात ओरडणं, मग लांबचा खरा मोर, मग शाळेची भिंत.

घरचा अभ्यास काकाकडे.

"काल मीटिंगमध्ये माझ्या लॅपटॉपवरून मोर ओरडला," गंधारने एकदा गंभीरपणे सांगितलं. "साहेब म्हणाले, गंधार, तुझा मुद्दा पोचला."

गौतमी हसली आणि लगेच घाबरली. हसताना तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं.

"मला ना... मोराचा नाही, पण लिफ्टचा डर लागतो," ती घाईघाईने म्हणाली.

"मराठीत डर लागत नाही, मॅडम."

"मग काय होतं?"

"फाटते. पण मॅडमनी असं म्हणू नये."

केंद्राचा नियम होता. काम चालू असेतोवर मुलांच्या घरच्यांशी मैत्री नाही, चहासुद्धा नाही. गंधार तरीही खालच्या टपरीवरून चहाचे दोन मातीचे कुल्हड आणायचा. ती मान हलवायची. तो दोन्ही प्यायचा, एकेक घोट, आळीपाळीने, जणू समोर कुणी बसलंय. कुल्हडाची ओली माती आणि आल्याचा वास खोलीभर रेंगाळायचा, आणि गौतमीचा पुढचा अर्धा तास वाया जायचा.

"शर्वरी शाळेत जायला लागली की पुण्याला परत बोलावलंय मला," एकदा तो म्हणाला, कुल्हडात बघत. गौतमी 'अरे वा' म्हणाली. तिच्या आतली लिफ्ट थेट गच्चीवर गेली.

त्या आठवड्यात तिने शर्वरीसाठी आणखी एक पायरी काढली. मोराचं पीस हातात धरणं.

त्या संध्याकाळी भात करपला तेव्हा तिच्या लक्षात आलं. शर्वरी भिंतीसाठी तयार होती. पिसाची काही गरज नव्हती. गरज होती ती गौतमीला, आणखी एका आठवड्याची. आपल्या चहासाठी आपण एका मुलीची शाळा अडवतोय...

सकाळी ती केंद्रप्रमुख इंदुमती मॅडमसमोर उभी राहिली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. कुल्हडासकट.

इंदुमती मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पीस रद्द. सोमवारी भिंत. पुढची विचारपूस मी करीन, त्या मुलीचं काम तुझ्याकडे राहणार नाही. मग तुझं तू बघ."

"आणि तो गेला तर?"

"तर समोरच्या खुर्चीत येऊन बस. मी मजला विचारीन."

सोमवारी शाळेच्या भिंतीवर मोर होता. राजासारखा बसलेला आणि एकदम गप्प.

"आठ," शर्वरी म्हणाली. हेडफोन गळ्यात, मुठी घट्ट.

"सहा," गंधार.

"सात," गौतमी.

मोर ओरडेना. इतके दिवस बोलावलं नसताना ओरडणारा तो, आज निमंत्रण असताना शेपटी विंचरत बसला. शेवटी गंधारने घसा साफ केला आणि भर रस्त्यात, शाळेच्या चौकीदारादेखत, मोरासारखा ओरडला. चौकीदाराने काठी हातात घेतली. मोराला बहुधा उच्चार खटकले. त्याने मान ताणली आणि आभाळ फाडून दाखवलं.

शर्वरीने हेडफोन कानांवर ओढले, डोळे मिटले. पळाली मात्र नाही. गौतमी मनात आकडे मोजत राहिली...

मोर थांबला.

"थांबला," शर्वरी म्हणाली. "भाकीत चुकलं. मी चौथ्यावर. काका?"

"मी दुसऱ्यावर."

"मॅडम?"

गौतमीने तोंड उघडलं. नियम तिचाच होता. "...सातव्यावर."

"पण मोर थांबला."

"मला मोराची भीती नाही वाटत, शर्वरी."

"मग कशाची?"

गौतमीने चौकीदाराकडे पाहिलं. त्याच्याकडूनही मदत आली नाही. "तुझे काका आता... येणार नाहीत, याची."

शर्वरीने नीट विचार केला. "मग पायऱ्या करा. आधी काकाचा फोटो. मग फोनवर, बारीक आवाजात. मग लांबून. मग जवळून." तिने दप्तर सावरलं. "तो ओरडतो, पण थांबतो."

घंटा वाजली. ती फाटकातून आत गेली. मागे वळून बघण्याचं तिला काही कारण नव्हतं.

रस्त्यावर दोघं उरली. आणि मोर.

"तुमचं भाकीत काय आहे?" गंधारने विचारलं, अगदी हळू. बारीक आवाजात.

"तुम्ही हसाल. आणि पुण्याला जाल."

तो हसला. गौतमीचा चेहरा उतरला.

"अर्धं बरोबर," तो म्हणाला. "शुक्रवारीच कळवलंय मी, इथूनच काम करतो म्हणून. साहेबांनी कारण विचारलं. तेवढ्यात खिडकीत मोर ओरडला. ते म्हणाले, राहा बाबा तिथेच."

"तुम्ही... खरं कारण नाही सांगितलंत?"

"साहेबांना कशाला? ज्यांना सांगायचं त्या चहासुद्धा घेत नव्हत्या." त्याने कोपऱ्यावरच्या टपरीकडे पाहिलं आणि मग पायांकडे. "फोटो, फोन, लांबून... एवढ्या पायऱ्या आपल्याकडून झाल्यात बहुतेक. आता तुमचं काम संपलं असेल, तर दोन सांगू?"

"दोन सांगा," गौतमी म्हणाली. "पण या वेळी एकच प्या."

भिंतीवरचा मोर पुन्हा ओरडला, आधीपेक्षा जोरात. गौतमी दचकली, आणि गंधारची बाही तिच्या मुठीत आली.

"मोराची भीती नाही ना तुम्हाला?"

"नाही," ती म्हणाली.

मोर थांबला. तिने बाही सोडली नाही.